लिख्टेनस्टाइनचे काळे, हिंगोलीचे तांबडे

मी लग्न होऊन हिंगोलीत आले तेव्हा निवडणूक कशाशी खातात हे मला ठाऊक होतं, आणि ते मी सासरी कुणाला सांगू नये अशी माझ्या नवऱ्याची फार इच्छा होती. माझं माहेर वाशीमचं. वाशीम वऱ्हाडात, म्हणजे इंग्रजांच्या राज्यात, आणि हिंगोली निजामाच्या. मधे काही भिंत नव्हती. तीच काळी माती, तीच कपाशी, तेच बाभळीचे काटे. पण करोडगिरीचा, म्हणजे निजामाच्या जकातीचा, नाका ओलांडला की छकड्यात बसलेल्या माणसाचा आवाज आपोआप खाली यायचा.

सदतीस साली वऱ्हाडात निवडणूक झाली तेव्हा मी माहेरी होते. लिहितावाचता येणाऱ्या बायकांनाही मत होतं, म्हणून माझी आई ठेवणीतलं लुगडं नेसून, कुणाच्या मुंजीला जावं तशी मत द्यायला गेली. परत आल्यावर वडिलांनी विचारलं, "कुणाला दिलं?" आई म्हणाली, "ते गुप्त असतं ना?" आणि तिनं ते त्यांना शेवटपर्यंत सांगितलं नाही. वडिलांना मरेपर्यंत त्याची रुखरुख होती.

ही गंमत मी हिंगोलीत एका हळदीकुंकवाला सांगितली. संध्याकाळी माझ्या नवऱ्यानं दार लावून घेतलं आणि मला समजावलं, "इथं असलं बोलायचं नाही. इथं मत म्हणजे 'मला असं वाटतं' एवढंच. आणि तसं वाटलं तरी सांगत बसायचं नाही."

ते वकील होते. कोर्टात उर्दूत भांडायचे, वाचायचे इंग्रजी, आणि जेवायला मराठीत मागायचे. शूर होते. बंद दाराआड त्यांच्याइतका शूर माणूस मी पाहिला नाही.

आमच्या भिंतीला भिंत लागून मिडल स्कूलचे हेडमास्तर राहायचे. सरकारी नोकर, त्यामुळे त्यांचं प्रत्येक वाक्य "म्हणजे माझं असं काही म्हणणं नाही" इथून सुरू व्हायचं. रोज संध्याकाळी दोघं मिळून वाचनालयात जायचे. वाचनालय म्हणजे बाजारातल्या एका कापडाच्या दुकानावरची माडी. दुकानाचे मालक मुसलमान, तीन पिढ्यांचे हिंगोलीकर. सगळं गाव त्यांना चाचा म्हणायचं. माडी त्यांनी फुकट दिली होती. वाचनालयात येणारा माणूस कधी ना कधी धोतरजोडी घेतोच, असा त्यांचा विद्येवर विश्वास होता.

त्या काळात चार माणसं जमवायची तर आधी अर्ज द्यावा लागे. भाषण करायचं तर ते आधी लिहून दाखवायचं. सत्यनारायणाला जरा जास्त पानं पडली तरी पोलीस चौकशीला यायचा, आणि प्रसाद घेऊन जायचा. त्यातून अडतीस सालच्या त्या हिवाळ्यात संस्थानात ठिकठिकाणी सत्याग्रह चालू होते, पोरं तुरुंगात जात होती, आणि सरकार सावलीलाही दचकत होतं. अशा वेळी आमच्या वाचनालयातल्या विद्वानांना काहीतरी बोलायची फार उबळ आली होती. पण काय बोलावं, हे कुणाला सुचत नव्हतं. म्हणजे सुचत होतं, पण परवडत नव्हतं.

माझा थोरला भाऊ मुंबईला नोकरीला होता. तो रेल्वेच्या पार्सलानं जुनी इंग्रजी साप्ताहिकं पाठवायचा. मला ती फडताळात अंथरायला लागायची. तशाच एका गठ्ठ्यात यांना एक लेख सापडला. युरोपात डोंगराच्या कुशीत लिख्टेनस्टाइन नावाचं एक टीचभर राज्य आहे. माणसं म्हणाल तर आपल्या आठवडी बाजाराला जमतात त्याहून फार नाहीत. तिथं राजा आहे, आणि तरीही निवडणूक होते. पंधरा माणसं निवडून जातात. दोन पक्ष आहेत. एकाला लोक काळे म्हणतात, दुसऱ्याला तांबडे. काळे राजाला नि धर्माला धरून, तांबडे त्यांच्या विरोधात. पुढची निवडणूक उन्हाळ्याच्या तोंडाशी व्हायची आहे.

लेख वाचून हे इतके खूश झाले की भात गार झाला.

"राजा आहे आणि मतही आहे!" ते म्हणाले. "कळतंय का तुला? दोन्ही एकदम!"

"बायकांना मत आहे?" मी विचारलं.

त्यांनी लेख पुन्हा चाळला. "नाही. फक्त पुरुषांना."

"मग वाशीम बरं," मी म्हटलं आणि भात पुन्हा गरम करायला नेला.

तर या विषयावर वाचनालयात व्याख्यान द्यायचं ठरलं. "युरोपातील एका अतिलहान संस्थानातील निवडणूक" असा अर्ज घेऊन हे तहसील कचेरीत गेले. तिथं काय झालं ते यांनी त्या दिवशी मला सांगितलं, आणि पुढं दर पाहुण्याला सांगितलं, म्हणून मला तोंडपाठ आहे.

तहसीलदारांनी आधी 'संस्थान' शब्दावर बोट ठेवलं. "संस्थान काहून लिहिलं? आमच्याकडं बोट दाखवता?" यांनी तो खोडून 'राज्य' केलं. मग त्यांना 'अतिलहान' खटकलं. आमच्या सरकारला कुणी लहान म्हणतंय की काय, अशी त्यांना शंका आली. ते राज्य खरोखरच लहान आहे, त्याला लहान म्हणण्यात सरकारचा काही अपमान नाही, हे पटवायला दोन वेळा चहा झाला.

"तिथं बादशाह आहे?"

"आहे. पण छोटा."

"मुसलमान आहे?"

"नाही, ख्रिस्ती."

"आपल्या सरकारशी त्याचं काही भांडण?"

"छे! त्याला आपलं सरकार माहीत तरी आहे की नाही कोण जाणे."

इथं तहसीलदार खरे रागावले. "माहीत नाही म्हणजे? दुनियाभर नाव आहे आमच्या सरकारचं!" यांनी घाईघाईनं कबूल केलं की त्या राजाला आपलं सरकार चांगलं माहीत असणार, किंबहुना तो रोज नाव काढत असणार. मग परवानगी मिळाली. अटी दोन. अमीनसाहेब पहिल्या रांगेत बसतील. आमच्याकडं फौजदाराला अमीन म्हणत. आणि तुलना करायची नाही. कुणाशीच.

व्याख्यानाला माडी वाकेल एवढी गर्दी झाली. लिख्टेनस्टाइनवर गावाचं इतकं प्रेम असेल असं कुणाला वाटलं नव्हतं. बायकांना माडीवर जागा नव्हती, म्हणून मी आणि हेडमास्तरीणबाई खाली दुकानात कापडाच्या गठ्ठ्यांवर बसून ऐकत होतो. हे दीड तास बोलले. राजा, पक्ष, मतपेटी, गुप्त मतदान. तुलना एकदाही केली नाही. पण मधूनमधून थांबायचे, आणि ते थांबले की सगळी माडी खाकरायची. अमीनसाहेबांना खाकरण्याबद्दल हुकूम नव्हता.

अध्यक्ष हेडमास्तर होते. त्यांनी दोन शब्दांत आभार मानून खाली बसायचं, एवढंच ठरलं होतं. पण पहिल्या रांगेत अमीनसाहेब, मागं शाळेचे मास्तर, बोलणारा सरकारी नोकर. हेडमास्तर उठले आणि म्हणाले, "म्हणजे माझं असं काही म्हणणं नाही, पण वकीलसाहेबांनी काळ्यांवर अन्याय केला. ज्या प्रजेला शांतता हवी, ती राजाला धरून राहणाऱ्या पक्षालाच मत देईल. काळेच येतील."

हे ताडकन उठले. "तांबडे येतील! लोक कंटाळलेत!"

"कोण लोक?" अमीनसाहेब जागे झाले.

"लिख्टेनस्टाइनचे, साहेब."

"हां, मग बराबर," म्हणून अमीनसाहेब पुन्हा मागं रेलले. पण जाताना जिन्यात त्यांनी चाचांना हळूच विचारलं, "काळे येतील ना हो?"

त्या दिवसापासून हिंगोली फाटली. मी अतिशयोक्ती करत नाही. वाचनालयात दोन सतरंज्या झाल्या. एका न्हाव्यानं काळ्यांची दाढी करायची नाही असं ठरवलं. काळ्यांनी दुसरा न्हावी धरला. बाजारातला पानवाला कट्टर काळा निघाला. त्याला लिख्टेनस्टाइन म्हणता येत नव्हतं, तो 'लिखतनस्थान' म्हणायचा, आणि ते काबूलच्या पलीकडं आहे अशी त्याची समजूत होती. पण निष्ठा विचाराल तर प्राण दिला असता. शेतकरी बाजाराला आले की विचारायचे, "वकीलसाहेब, आपले तांबडे काय म्हनून राहिले?" आणि हे गंभीरपणे सांगायचे, "जोर आहे."

एकटे चाचा कुठल्या सतरंजीवर बसले नाहीत. दोन्ही बाजूंनी ओढलं तेव्हा ते म्हणाले, "वकीलसाब, वो लोगां लड रहे क्या नहीं, पहले पूछो तो सही. यहाँ तुम लोगां लड लिये." यावर दोन्ही सतरंज्या प्रथमच एक झाल्या. चाचांना राजकारणातलं काही कळत नाही, असं सर्वानुमते ठरलं.

घरातही हे आलंच. हेडमास्तरीणबाई माझ्याहून दहा वर्षांनी मोठ्या. मी त्यांना वहिनी म्हणायची. आल्या दिवसापासून त्यांनी मला सांभाळलं होतं. विरजण, कढीपत्ता, शिळी बातमी, सगळं भिंतीवरून जायचं यायचं. आता यांनी फर्मान काढलं की काळ्यांच्या घरचं विरजण आपल्याकडे नको.

"मग दही कशानं लावू?" मी विचारलं. "तांबड्यांना लिहू का पाठवा म्हणून?"

तत्त्वाचा प्रश्न असला की ते उत्तर देत नसत. आम्ही विरजण मोरीच्या खिडकीतून देऊ घेऊ लागलो. तेच विरजण, तेच दही. फक्त आता ते चोरीचं असल्यामुळे यांना जास्त गोड लागायचं. "बघ, आपलं आपण लावलं तर कसं घट्ट लागतं," म्हणायचे.

संक्रांत आली. संक्रांतीला बायकांनी काळं नेसायचं हा काही लिख्टेनस्टाइननं काढलेला नियम नव्हे. आईनं मला चंद्रकळा पाठवली होती. मी ती घडी मोडायला घेतली तर हे दारात उभे.

"काळी नेसणार?"

"संक्रांत आहे."

"लोक काय म्हणतील? वकिलाची बायको काळ्यांना मिळाली!"

"लोक म्हणतील संक्रांत आहे."

मी चंद्रकळा नेसले. संध्याकाळी वहिनींकडे गेले तर तिथं निम्म्या गावच्या बायका जमलेल्या, सगळ्या काळ्या. हेडमास्तर ओसरीवरून हा पाठिंबा पाहून तृप्त झाले होते. वहिनींनी माझ्या हातावर तिळगूळ ठेवला आणि कानाशी म्हणाल्या, "घे बाई, काळ्या तिळाचा आहे. मुद्दाम करायला लावला यांनी. पांढऱ्या तिळाचा डबा आत आहे, जाताना ने."

गंमत म्हणजे इतकं सगळं होईतो लिख्टेनस्टाइनहून एक ओळही आली नव्हती. भावाच्या पार्सलात आता तिथलं काही नसायचं. जगाला हिटलरचं पडलं होतं. पण बातमी नसली म्हणून अडत नाही, हे मला त्या दिवसांत कळलं. उलट बातमी नसली की माणूस जास्त ठाम होतो. संध्याकाळची पूर्णेची गाडी आली की हे स्टेशनावरून परत यायचे आणि वाचनालयात सांगायचे, "तांबड्यांनी डोंगरापलीकडची खेडी सर केली." दुसऱ्या दिवशी हेडमास्तर शांतपणे सांगायचे की म्हणजे त्यांचं असं काही म्हणणं नाही, पण ती खेडी काळ्यांनी परत घेतली. एकदा एका साप्ताहिकात कोपऱ्यात दोन ओळी आल्या की तांबड्यांपैकी काही जणांची नजर शेजारच्या मोठ्या जर्मनीकडे आहे. तो कागद यांनी घडी करून खिशात ठेवला, आणि दुसऱ्या दिवशी तो मला बंबाजवळ अर्धा जळलेला सापडला. मी उरलेला अर्धा बंबात सारला. वकिलाचा पुरावा कुठं ठेवायचा ते वकिलाला कळतं.

महाशिवरात्रीला वहिनींनी औंढ्याला जायचं काढलं. त्यांच्या धाकट्या मुलीला गोवर येऊन गेला होता, त्याचा नवस फेडायचा होता. "एकटी कशी जाऊ? तू चल," म्हणाल्या. यांना मी नागनाथाला जाते एवढंच सांगितलं. गाडी काळ्यांची आहे हे नाही सांगितलं. आम्ही भल्या सकाळी बैलगाडीनं निघालो आणि हिंगोली मागं पडल्याबरोबर दोघी इतक्या हसलो की गाडीवान मागं वळून बघायला लागला.

देवळात मुंगीला वाट नव्हती. मुलीचा नवस फेडून झाल्यावर वहिनी पदर सावरत गुरुजींना म्हणाल्या, "आणखी एक अभिषेक करायचा आहे. यांनी सांगितलाय. यश येण्यासाठी."

"यजमानांचं नाव?"

वहिनींनी माझ्याकडे पाहिलं. "काळा पक्ष," त्या म्हणाल्या.

गुरुजी थांबले. "नाव काय म्हणालात?"

"ते युरोपात आहेत. लिख्टेनस्टाइन गावी."

"परदेशी असतात होय! मुलगा?"

"नाही हो, पुष्कळ जण आहेत."

मागं रांग ओरडत होती. गुरुजींनी फार खोलात न जाता विचारलं, "गोत्र?"

आता वहिनींची पंचाईत झाली. मीही मदत करू शकले नाही. मला हसू आवरत नव्हतं.

"गोत्र माहीत नाही," वहिनी म्हणाल्या.

"मग काश्यप," गुरुजी म्हणाले. शास्त्र असंच आहे, ज्याला गोत्र ठाऊक नाही तो काश्यप. आणि त्यांनी हातावर पाणी सोडायला लावून खणखणीत आवाजात संकल्प सांगितला. काश्यप गोत्रात उत्पन्न झालेल्या काळ्या पक्षाला यश, आयुष्य, आरोग्य आणि ऐश्वर्य मिळो. मधे पुत्रपौत्रही होते.

मला काय वाटलं कोण जाणे, मी पुढं झाले आणि म्हणाले, "गुरुजी, तांबड्यांचाही एक करा." वहिनींनी डोळे वटारले.

"त्यांचं गोत्र?"

"तेही काश्यपच."

"अरे वा, सगोत्रच की," म्हणून गुरुजींनी त्याच पाण्यात तोही उरकला. परत येताना वहिनींनी गाडीत प्रसादाची पुडी पदराला बांधली. मग म्हणाल्या, "तू काही तांबडी नाहीस."

"तुम्ही काळ्या आहात?"

"मला दोन्ही घरांत जावंसं वाटतं," त्या म्हणाल्या. "एवढंच माझं मत आहे. ते कुठं टाकायचं ते सांग."



उन्हाळा लागला. कयाधूचं पात्र आटून वाळू दिसायला लागली. गावातल्या शहाण्या लोकांनी आंबे, लग्नं आणि लिख्टेनस्टाइन यांखेरीज दुसरा विषय ठेवला नव्हता. अमीनसाहेबसुद्धा रोज माडीखालून जाताना घोडा थांबवून विचारायचे, "आया क्या?" आणि एका दुपारी भावाचं पार्सल आलं. हे ओसरीवर बसून गठ्ठा चाळत होते. एकदम थांबले. वाचलं. पुन्हा वाचलं. चष्मा पुसून पुन्हा वाचलं.

"काय झालं?" मी विचारलं. "कोण आलं?"

"कोणीच नाही," हे म्हणाले. "म्हणजे, सगळेच."

बातमी चार ओळींची होती. शेजारी जर्मनी आ वासून बसलेली बघून त्या राज्यातल्या काळ्यांनी नि तांबड्यांनी समझोता केला होता. जागा आपसांत वाटून घेतल्या होत्या. उमेदवार जागांइतकेच, म्हणून सगळे बिनविरोध. मतदान झालंच नव्हतं. कुणी पेटीत कागद टाकला नाही, कुणी कुणाच्या अंगावर गेलं नाही. त्याला ते लोक मूक निवडणूक म्हणतात, असंही लिहिलं होतं.

हे तसेच उठले, चपलाही न घालता, आणि कित्येक महिन्यांत पहिल्यांदा हेडमास्तरांच्या दारात जाऊन उभे राहिले. मी आणि वहिनी आपापल्या बाजूनं भिंतीपाशी गेलो. आधी कागदाची चुरचुर ऐकू आली.

मग हेडमास्तर म्हणाले, "म्हणजे... आपलं काय?"

"आपलं काय," हे म्हणाले.

"लोकांना काय सांगायचं?"

"नकोच सांगायला."

"कसं जमेल?"

"म्हणू, बातमी आली नाही. कधी आली होती?"

तर अशा रीतीनं हिंगोलीच्या काळ्यांनी नि तांबड्यांनीही समझोता केला, आणि तोही मूक. वहिनींनी आतून पन्हं आणून दिलं. दोघं मुकाट्यानं प्यायले.

पण गुपित राहिलं नाही. अमीनसाहेबांनी कुठून तरी ऐकलं आणि बाजारात जाहीर केलं की मामला मिटला, दोन्ही पार्ट्या एक झाल्या. माझी कल्पना, आता गाव हसेल आणि मोकळं होईल. गावानं मानलंच नाही. न्हावी म्हणाला, "वकीलसाहेबाला काळ्यायनं फोडलं." पानवाला म्हणाला, "हेडमास्तर पयलेपासूनच आतून तांबडा व्हता." दोन्ही पुढाऱ्यांना आपापल्या सतरंजीवरून उठवण्यात आलं. काळ्यांना एक गूळवाला नवा पुढारी मिळाला, तांबड्यांना कचेरीबाहेर लोकांचे अर्ज लिहून देणारा एक अर्जनवीस. त्या दोघांना लिख्टेनस्टाइनबद्दल काहीच माहीत नव्हतं, त्यामुळे त्यांचं छान चाललं. न्हावी आणि पानवाला तर पुढं कित्येक वर्षं एकमेकांशी बोलले नाहीत. लिख्टेनस्टाइनचे काळे नि तांबडे मात्र मांडीला मांडी लावून राज्य करत होते.

एवढ्यात परभणीहून वरच्या साहेबांचा खलिता आला. हिंगोलीत काळा पक्ष आणि तांबडा पक्ष नावाच्या दोन छुप्या संघटना आहेत असं कळतं, त्यांचे म्होरके कोण? चौकशी अमीनसाहेबांकडेच आली. ते बिचारे घाबरले. ते स्वतः काळे होते. त्यांनी यांना बोलावून लिहून घेतलं की यापुढं मी कोणत्याही देशाच्या निवडणुकीत भाग घेणार नाही. ज्या माणसानं आयुष्यात एकदाही मत दिलं नव्हतं, त्यानं ते मुकाट्यानं लिहून दिलं.

हेडमास्तर सरकारी नोकर, त्यांना लिहून देऊन सुटका नव्हती. सरकारची बाजू घेतली म्हणून त्यांची बदली झाली. यांनी त्यांच्यासाठी अर्ज लिहिला की या गृहस्थांनी सदैव राजपक्षाचीच तरफदारी केली आहे. वरून उत्तर आलं, कुठल्या राजाच्या?

ते गेले त्या दिवशी आम्ही स्टेशनावर गेलो. वहिनी रडत होत्या, मी रडत होते, आणि हे दोघं मालडब्यापाशी उभे राहून जागांची वाटणी योग्य झाली की नाही यावर वाद घालत होते. गाडी हलली तरी हेडमास्तर खिडकीतून काहीतरी मुद्दा सांगत होते. तो यांना ऐकू आला नाही. परत येताना हे म्हणाले, "काय म्हणाला असेल?" आणि मग रात्री जेवताना पुन्हा तेच म्हणाले. त्यानंतर ते माडीवर फारसे गेले नाहीत. भांडायला माणूसच उरला नव्हता.

मग महायुद्ध झालं, संपलं. सत्तेचाळीस साल आलं. पलीकडे वऱ्हाडात झेंडे लागले आणि आमच्याकडं गोळीबार, धरपकड, पळापळ सुरू झाली. बंद दाराआड शूर असलेल्या आमच्या वकीलसाहेबांनी एके सकाळी सांगितलं की तुला माहेरी जाऊन पुष्कळ दिवस झाले. आम्ही वाशीमला गेलो आणि वर्षभर राहिलो. हे सासऱ्यांच्या ओसरीवर बसून आंबे चोखत, आणि येणाऱ्याजाणाऱ्याला संस्थानात काय करायला हवं ते सांगत. मी त्यांना हसते, पण मीही तिथंच होते आणि आंबे मीच धुऊन देत होते.

अठ्ठेचाळीस साली फौज येऊन गेली, निजामी संपली आणि आम्ही परत आलो. घराचं दार होतं, कुलूप नव्हतं. चाचांचं दुकान काही दिवस बंद राहून पुन्हा उघडलं होतं. त्या धामधुमीत त्यांचं काय काय झालं ते त्यांनी सांगितलं नाही. आम्हीही विचारायचं धाडस केलं नाही.

त्या दिवाळीच्या सुमारास एक दिवस हेडमास्तर आणि वहिनी दारात उभे. मी त्यांना ओळखलंच नाही. इतके वाळले होते, दाढी पांढरी. यांनी पुढं होऊन हात धरला आणि ओसरीवर बसवलं.

"कुठं होता?" यांनी विचारलं.

"परभणीला. आत."

"आत म्हणजे? तुरुंगात? तुम्ही?"

"म्हणजे माझं असं काही म्हणणं नव्हतं," हेडमास्तर म्हणाले. "पोरांनी शाळेवर झेंडा लावला. कुणी लावला ते सांगा म्हणाले. मी नाही सांगितलं."

"तुम्हाला ठाऊक होतं?"

"म्हणजे काय! माझ्याच वर्गातली पोरं. अक्षर ओळखतो, झेंडा ओळखणार नाही?"

चुना लावता लावता यांचं पान हातातच राहिलं. ते खाली मान घालून बसले, आणि मला वाटलं की आता कुणीतरी काहीतरी बोलावं, काहीही.

हेडमास्तरांनाच ते कळलं असावं. "वकीलसाहेब," ते म्हणाले, "आत आमची निवडणूक झाली बरं का. खरी. भाकऱ्या कुणी वाटायच्या यावरून रोज भांडणं व्हायची. मग हात वर करून माणूस निवडायचं ठरलं. मी उभा होतो."

हे सावरून बसले. डोळ्यांत एकदम उजेड आला. "मग? किती हात?"

"पडलो," हेडमास्तर म्हणाले आणि खदाखदा हसले. इतके मोकळे हसताना मी त्यांना कधीच पाहिलं नव्हतं. "एक गाडीवान निवडून आला. सपशेल पडलो मी!"

"बरं झालं पडले," वहिनी माझ्यामागोमाग स्वयंपाकघरात येत म्हणाल्या. "यांच्या हाताला माप नाही. पहिल्या चौघांना सगळ्या वाटून मोकळे झाले असते." आणि चुलीपुढचा पाट ओढून त्या माझ्याबरोबर भाकऱ्या थापायला बसल्या.